नटाचा आवाज व ध्वनिवर्धक

छोट्या नाटकमंडळ्यांच्या तालमींत अलीकडे नाटकाच्या अर्थापेक्षां माईकविषयींच अधिक वाद ऐकूं येतो. तो कॉलरला लावावयाचा कीं गालाशीं, रंगमंचाच्या कडेला ठेवावयाचा कीं वरून टांगावयाचा, आणि आठ पात्रांच्या नाटकास भाड्याचे चारच परवडत असतील तर ते कोणास द्यावयाचे, अशा स्वरूपाचा हा वाद असतो. सकृद्दर्शनीं प्रश्न सोयीचा व खर्चाचा दिसतो. तथापि त्याच्या बुडाशीं नीतीचा एक प्रश्न आहे असें आम्हांस वाटतें. नट प्रेक्षकाचें काय देणें लागतो, आणि तें देणें त्यास यंत्राकरवीं फेडतां येईल काय, हा तो प्रश्न होय.

जुन्या पक्षाचें उत्तर ठरलेलें आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग केला, तेव्हां कोठें होता माईक, असें हा पक्ष विचारतो. विचारणें रास्त आहे. परंतु ज्यांचा आवाज पोंचत नसे त्यांस त्या काळीं सहसा कोणी रंगभूमीवर उभेंच केलें नाहीं, ही गोष्ट तो विसरतो. आणि प्रेक्षागृहाचा विचार तर तो करीतच नाहीं. भरतमुनींनीं तो केला होता. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें मध्यम प्रेक्षागृह त्यांनीं मनुष्यांकरितां पसंत केलें, कारण त्याहून मोठ्या घरांत शब्द फिके पडतात आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. शिवाय तें पर्वताच्या गुहेसारखें, लहान खिडक्यांचें व वारा न शिरणारें असावें, म्हणजे आवाजास गांभीर्य येतें, असेंही त्यांनीं सांगितलें आहे. आमच्या उपनगरांतील हौशी मंडळी जेथें प्रयोग करतात तीं स्थळें म्हणजे घाटकोपर-मुलुंडकडील शाळांचीं सभागृहें अथवा बोरिवलीच्या सोसायट्यांचीं पटांगणें. डोक्यावर पंखे, बाहेर रिक्षा, पलीकडे लोकल. गुहा ती कोणती!

ध्वनीचा नियम कठोर आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं त्याची तीव्रता चौथाईवर येते. १० फुटांवर बसलेल्यास जें मिळतें त्याचा सोळावा हिस्सा ४० फुटांवर पोंचतो. त्यांतही स्वर पुढें जातात आणि व्यंजनें गोंगाटांत बुडतात, व अर्थ तर बहुतांशीं व्यंजनांवर अवलंबून असतो. मग मागून ‘आवाऽज!’ अशी आरोळी येते. ती देणारा तरुण असतो. त्याच्या शेजारची म्हातारी कांहीं न बोलतां घरीं जाते. गळ्याच्या अभिमानापायीं तिला नाटकावांचून परत पाठविण्यास कलानिष्ठा म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

असें असलें तरी यंत्र जें देतें त्याच्या मोबदल्यांत कांहीं घेऊनही जातें. डावीकडे उभी असलेली आई उजवीकडच्या मुलास कांहीं विचारते, आणि प्रश्न व उत्तर कोपऱ्यांतल्या एकाच कर्ण्यांतून बाहेर पडतात. डोळ्यांपुढें माणसें दोन, कानांपुढें पेटी एक. कोण कोणास बोलतो हेंच नाहींसें झालें तर उरते ती श्रुतिका. आणि ती ऐकावयास तिकीट काढून येण्याचें कारण नव्हतें. यावर उपाय आहे, व तो मोठा अर्थपूर्ण आहे. हेल्मुट हास यांनीं १९४९ सालीं आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें कीं, एकच शब्द दोन ठिकाणांहून कानीं आला तर जो प्रथम पोंचतो त्याच दिशेनें तो आला असें मनुष्य समजतो. मागाहूनचा आवाज सेकंदाच्या सुमारें तिसाव्या भागाच्या आंत आला, तर तो थोडा मोठा असूनही चालतो. म्हणजे नटाचा स्वतःचा आवाज आधीं आला पाहिजे, आणि कर्ण्यानें त्याच्या पाठोपाठ यावयास पाहिजे. ज्याचा गळा मुळांतच कांहीं पाठवीत नाहीं त्याच्या मागें यंत्र जाणार कोठें?

या कसोटीवर माईकांची निवड बरीचशी आपोआप होते. जुहूचें पृथ्वी थिएटर १९७८ सालीं उघडलें. आसनें सुमारें २००, प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंस. अशा घरांत गद्य नाटकास माईक नकोच. शाळेच्या सभागृहांत रंगमंचाच्या कडेला दोनतीन ठेवावे. ते पावलेंही ऐकतात आणि नट नकळत त्यांच्याकडे सरकूं लागतात, एवढें मात्र सांभाळावें. सेस्लर व वेस्ट यांनीं १९६२ सालीं तयार केलेल्या इलेक्ट्रेटमुळें कॉलर माईक पुढें हरभऱ्याएवढा झाला; पण हनुवटी खालीं गेली कीं त्याचा सूर बदलतो, पदर सळसळतो, आणि दोन पात्रें गळाभेट घेतात तेव्हां एकाचा शब्द दुसऱ्याच्याही माईकांत शिरून पोकळ होतो. गालाशीं लावलेला अधिक एकसारखा ऐकतो, पण पहिल्या रांगेस पेशव्यांच्या गालावर तार दिसते. शिवाय एकाच वेळीं जितके माईक उघडे तितका कर्णा शिटी वाजविण्यास लवकर तयार; म्हणून आठ हे चारांपेक्षां चांगलेच असें नाहीं.

मग ते चार कोणास? बहुधा नायकास, नायिकेस आणि ज्यांनीं वर्गणी अधिक दिली त्यांस मिळतात. आमच्या मतें ज्यांचा आवाज जन्मतः लहान आहे त्यांस ते द्यावे. यावर आक्षेप येतो कीं, दहा वर्षें श्वासाची साधना करणाऱ्यानें उघड्या गळ्यानें बोलावें आणि ती न करणाऱ्यास यंत्राचें साहाय्य मिळावें, हा कोणता न्याय? आक्षेप फोल नाहीं. आळस व अशक्तता यांत भेद केलाच पाहिजे, आणि तो तालमींत दिसतो. एकाचा शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत क्षीण होऊन कां होईना जातो, दुसऱ्याचा ओठांतच विरतो. म्हणून अखेरच्या तालमींपूर्वीं माईक आणूंच नये. परंतु साधना केलेल्या नटानें माईक हें बक्षीस समजून मागावा, यांत आम्हांस त्याच्या साधनेचाच अपमान दिसतो. उलट, ज्या हळुवार मुलीस पूर्वींचा दिग्दर्शक दारांतूनच परत पाठवी, तिच्या सात्त्विक अभिनयास रंगभूमी किती वर्षें मुकली याचा हिशेब कोणीच केलेला नाहीं.

आणखी एका माणसाचा विसर बहुतेक मंडळ्यांस पडतो. बटणावर ज्याचा हात आहे तो. कुजबूज किती मोठी व किंकाळी किती लहान हें आतां तोच ठरवितो. वाचिक अभिनयाचा तो वांटेकरी झाला आहे. त्यास मात्र आपण प्रयोगाच्या संध्याकाळीं सामानासकट बोलावितों, संहिता दाखवीत नाहीं, आणि विंगेंत बसवितों, जेथून प्रेक्षकांस काय ऐकूं येतें हें त्यास कळण्याचा संभव नाहीं. पात्र बोलूं लागल्यावर तो माईक उघडतो. पहिला शब्द तोंवर गेलेला असतो. चारांऐवजीं दोनच माईक भाड्यानें घ्यावे, आणि उरलेल्या पैशांत या गृहस्थास दोन तालमींना बोलावून शेवटच्या रांगेंत बसवावें, असें आम्ही कोणत्याही मंडळीस सुचवूं.