लाल रंग कोणाचा?

लाल रंग दिसला की माणूस सावध होतो, असे आपण मानतो. सिग्नल लाल, धोक्याचा बावटाही लाल. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील कुस्ती, मुष्टियुद्धासारख्या लढतींचा हिशेब रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन या ब्रिटिश संशोधकांनी २००५ साली मांडला. लाल पोशाखातले खेळाडू थोडे अधिक जिंकलेले दिसले. पुढे अनेक वर्षांच्या लढती तपासल्या, तेव्हा ही आघाडी टिकली नाही. तेव्हा लाल रंगातच काही जादू आहे, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याला अर्थ बहुतांशी माणसेच देतात. चीनमध्ये परंपरेने नवरी लाल नेसते आणि पांढरा रंग शोकाचा. युरोपात १८४० साली राणी व्हिक्टोरियाने पांढऱ्या पोशाखात लग्न केले आणि पुढे तोच नवरीचा रंग होत गेला.

आपल्याकडेही निकाहाचा जोडा लाल, मेहंदी लाल. हा शरीयतचा हुकूम नव्हे, या मातीतला रिवाज आहे. तो सुंदर आहे, म्हणून आपण जपला. पण या रिवाजाची दुसरी बाजूही आपण निमूटपणे उचलली आहे. नवरा गेला की अनेक घरांत बाईचा लाल रंगही जातो, तो कायमचा.

कुरआनने विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगितली, गर्भवतीसाठी प्रसूतीपर्यंत. या काळात शृंगार वर्ज्य. मुदत संपल्यावर तिने रीतीला धरून स्वतःविषयी जे ठरवावे, त्यात तुमच्यावर दोष नाही, असा सूरह बकराच्या २३४ व्या आयतीचा आशय आहे. हजरत खदीजा (र.) पैगंबरांशी (स.) निकाह होण्यापूर्वी विधवा होत्या, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग धर्माने जिथे दुःखाला मुदत घातली, तिथे ती जन्मभर वाढवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, तिलाच आता नको वाटते. तसे असेल तर तिच्या मनाचा मान राखलाच पाहिजे. पण "लोक काय म्हणतील" या भीतीने दिलेला नकार हा तिचा निर्णय नसतो. तो आपला असतो, फक्त तिच्या तोंडून आलेला. ते लोक म्हणजे आपणच. घरात पुढचे लग्न निघेल, तेव्हा बेवा बहिणीला, चाचीला मेहंदीच्या रात्री कोपऱ्यात बसू न देता आपणच कोन घेऊन तिच्याजवळ जावे आणि तिला विचारावे. उत्तर तिचे असू द्यावे.