आरोग्याचे राजकारण कोणी करायचे?

पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि खाटेवरून दवाखान्याकडे नेल्या जाणाऱ्या गरोदर बाईचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. त्यानंतर दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की, आरोग्याच्या प्रश्नात राजकारण आणू नका. दुसरे असे की, डॉक्टरांनीच राजकारणात उतरावे, म्हणजे हे प्रश्न सुटतील. पहिल्याचा फोलपणा दाखवायला फार कष्ट पडत नाहीत. दुसरे मात्र सज्जनांच्या तोंडचे आहे, तरुणांना भुरळ घालणारे आहे आणि म्हणूनच ते कसून तपासले पाहिजे. गोंडवाना विद्यापीठ २०११पासून आहे. २०२४मध्ये गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. आरोग्यशास्त्र आणि राज्यशास्त्र या दोन्हींच्या बळावर लोकसेवेत जाऊ पाहणारा विद्यार्थी आता याच जिल्ह्यात घडू शकतो. या दोन विद्यांची सांगड त्याने कशी घालावी, याचे उत्तर आपण त्याला नीट विचार करून दिले पाहिजे.

पहिल्या विधानाला गडचिरोलीनेच उत्तर दिलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखणे आणि घरीच उपचार करणे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पण ‘आशा’ कार्यकर्तीने घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यावी, हे देशाचे धोरण व्हायला २०११ उजाडले. पुरावा हाती आल्यावर बारा वर्षे गेली. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची का, तिला मोबदला कोणत्या खात्यातून द्यायचा, तिच्या चुकीची जबाबदारी कोणावर, हे प्रश्न वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात सुटणारे नव्हतेच. ते अधिकाराचे आणि पैशाचे, म्हणजे राजकारणाचे प्रश्न होते. त्या बारा वर्षांत देशभर जी बाळे वाचू शकली असती आणि वाचली नाहीत, त्यांचा हिशेब विज्ञानाकडे मागता येणार नाही.

दुसऱ्या विधानाचा मूळपुरुष जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो. त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबले पाहिजे, कारण भामरागड समजून घ्यायला त्याच्याइतका उपयोगी विचारवंत मला दुसरा दिसत नाही. १८४८च्या आरंभी प्रशियाच्या सरकारने त्याला अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवले. तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. तिथली गोरगरीब जनता पोलिश बोलणारी, कारभार जर्मन भाषेत चालणारा, रस्ते नाहीत, शाळा परक्या भाषेतल्या, आणि दुष्काळात सरकारी मदत पोचायला उशीर. माडिया बोलणाऱ्या गावांचा कारभार मराठीत होताना पाहणाऱ्याला हे वर्णन परके वाटणार नाही. सरकारला औषधयोजना हवी होती. फिर्शोने लोकशाही, स्थानिक स्वराज्य, लोकांच्या भाषेतले शिक्षण, रस्ते आणि करांचा न्याय्य बोजा यांची शिफारस केली. वैद्यक हे समाजशास्त्र आहे आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे वैद्यकच, ही त्याची भूमिका. डॉक्टर हा गरिबांचा स्वाभाविक वकील असतो, असेही तो मानत असे. तो नुसता बोलून थांबला नाही. १८५९मध्ये बर्लिनच्या नगरपरिषदेत आणि १८६१मध्ये प्रशियाच्या विधिमंडळात निवडून गेला, बिस्मार्कशी भिडला आणि बर्लिनच्या सांडपाणी व्यवस्थेसाठी झटला. आरोग्य आणि राजकारण यांचा मेळ घालू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून तेजस्वी आदर्श कोणता दाखवणार?

तरीही गडचिरोलीचा अनुभव या आदर्शासमोर एक अडचण उभी करतो. गडचिरोली विधानसभा मतदारसंघाने २००९मध्ये डॉ. नामदेव उसेंडी, २०१४ आणि २०१९मध्ये डॉ. देवराव होळी, तर २०२४मध्ये डॉ. मिलिंद नरोटे यांना निवडून दिले. पक्ष बदलले, पण आमदार डॉक्टरच राहिला. यांपैकी कोणाच्या कामाचे मोजमाप इथे करायचे नाही; शिवाय भामरागड अहेरी मतदारसंघात मोडते. पण राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार अजूनही याच जिल्ह्यावर आहे. आमदाराची पदवी कोणती, यावर डासांचा आणि रिक्त पदांचा प्रश्न सुटणे अवलंबून नसते. सभागृहात गेलेला डॉक्टर पक्षशिस्तीने, अर्थसंकल्पाने आणि मतदारसंघाच्या गणिताने इतरांइतकाच बांधलेला असतो. मग फिर्शो चुकला का? माझ्या मते त्याचा उपाय बरोबर होता. तो अमलात कोणी आणायचा, याचे त्याचे उत्तर अपुरे होते. स्वराज्य आणि स्वभाषा हेच औषध असेल, तर रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या वकिलाची गरज हळूहळू संपत जायला हवी. आणि वकील कितीही थोर असला, तरी चुकू शकतो. समाजाचे निदान इतके अचूक करणारा हाच फिर्शो पुढे रोगजंतूंच्या सिद्धांताकडे दीर्घकाळ शंकेने पाहत राहिला. चूक दाखवण्याचा अधिकार ज्यांच्या आयुष्याशी प्रश्न निगडित आहे, त्यांच्याच हाती असलेला बरा.

म्हणून डॉक्टरने राजकारण शिकावे, या मागणीपेक्षा ग्रामसभेने आरोग्यशास्त्र शिकावे, ही मागणी मला मोठी वाटते. त्यासाठी लागणारी चौकट कागदावर तयार आहे. आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. २०१५पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो खर्च करण्याच्या बाबींत आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबूच्या उत्पन्नावर ग्रामसभांचा हक्क आणला. राजकीय जाणही आहे: २०१७मध्ये ॲड. लालसू नोगोटी हे माडिया समाजातील वकील ग्रामसभांच्या पाठिंब्यावर भामरागडमधून जिल्हा परिषदेत गेले. उणीव आहे ती आरोग्याच्या माहितीची. गावात वर्षभरात कोण कशाने दगावले, तापाच्या रुग्णाचे रक्त घेतल्यापासून अहवाल यायला किती दिवस लागले, दवाखान्याजवळच्या माहेरघरात राहायला बाळंतपणाआधी किती जणी पोचल्या, किती जणी का पोचल्या नाहीत, हे आकडे गावातून वर जातात. ते ग्रामसभेसमोर माडियात वाचले गेले, तर निधीचा ठराव वेगळा होईल आणि जाब विचारणाऱ्याच्या हाती पुरावा असेल.

यावर आक्षेप येईल की, जिथे तापाला अजून पुजारी गाठला जातो, तिथे औषधाचा निर्णय बहुमताने घ्यायचा का? मुळीच नाही. कोणत्या तापाला कोणती गोळी, हे विज्ञानच ठरवील. आधी पूल की आधी परिचारिका, आणि गोळी वेळेवर का आली नाही, हे गाव ठरवील आणि विचारील. शिवाय, सुईसुद्धा योग्य शिकवणीने गावच्या बाईच्या हाती सुरक्षित राहते, हे ३९ गावांनी दाखवलेले आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९७३पासून हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाने निवडणुकीच्या वाटेला न जाता रुग्ण बरे केले आणि विश्वास कमावला, मग हा खटाटोप कशाला? त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण तो प्रकल्प उभा करणारे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे शासन निर्णय काढून मिळत नाहीत. असामान्य माणसांवर उभी राहिलेली सेवा गावोगाव पोचवायची, तर सामान्य माणसांना नीट काम करायला लावणारी व्यवस्था लागते. तिसरा आक्षेप असा की, राजकीय निर्णय टिकत नाहीत. खरे आहे. चंद्रपूरची दारूबंदी २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. गडचिरोलीची १९९३ची बंदी मात्र टिकून आहे. दोन्हींमागे स्त्रियांचा लढा होता, त्यामुळे फरकाचे कारण एका वाक्यात सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण सत्ता बदलताच निर्णय बदलू शकतो, हे समजलेल्या माणसाने तो राखण्याची तयारी गावात करून ठेवावी, एवढा धडा त्यातून नक्की निघतो.

तेव्हा गडचिरोलीच्या नव्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाच्या मृत्यूंची नोंद ग्रामसभेसमोर मांडावी, तिच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, आणि त्याला गुण असावेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्राथमिक आरोग्य केंद्राचा अर्थसंकल्प वाचायला शिकावे. पुढे त्याने निवडणूक लढवावी, अधिकारी व्हावे की भामरागडला नाडी पाहत राहावे, हे त्याचे त्याने ठरवावे. गावाला उत्तर देण्याची सवय त्याला लागली असेल, तर यांतली कोणतीही वाट लोकसेवेचीच असेल. आणि ती लागली नसेल, तर दोन पदव्यांनीही तो लोकसेवक होणार नाही.