किनाऱ्याच्या आतला सोमालिया

23 मार्च 2024 रोजी ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका 35 सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईला पोचली. ‘एमव्ही रुएन’ हे पळवलेलं मालवाहू जहाज आपल्या नौदलानं सुमारे चाळीस तासांच्या कारवाईत सोडवलं होतं आणि 17 खलाशांना सुखरूप बाहेर काढलं होतं. कामगिरी मोठी होती, तिचं कौतुक झालं ते रास्तच. मी अस्वस्थ झालो तो वेगळ्या कारणानं. आपल्या बातम्यांत सोमाली माणूस येतो तो असाच, हातात बंदूक घेऊन, नाहीतर हातात बेड्या पडल्यावर. एरवी येतो तो हाडाचा सापळा झालेल्या लेकराच्या फोटोतून. लुटारू आणि भुकेला या दोन चौकटींच्या मध्ये एक अख्खा समाज राहतो. तो पिढ्यानपिढ्या जनावरांमागं चालत आलेला समाज आहे, आणि शेळ्यामेंढ्यांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या लोणंदमध्ये राहणाऱ्या मला ही गोष्ट कुठल्याही बातमीनं सांगितली नाही, याचं वाईट वाटतं.

चाच्यांची बाजू मला घ्यायची नाही. 1991 च्या जानेवारीत हुकूमशहा सियाद बरेची राजवट कोसळली, किनाऱ्याला राखणदार उरला नाही, परदेशी ट्रॉलर येऊन मासळी ओरबाडू लागले, हे सगळं खरं. पण पुढं त्यातून खंडणीचा धंदा उभा राहिला आणि त्यात भरडले गेले ते गरीब खलाशी. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाची खंडणी एप्रिल 2011 मध्ये पोचती झाली, जहाज सुटलं, पण भारतानं पकडलेल्या आपल्या माणसांच्या बदल्यात म्हणून चाच्यांनी सात भारतीय खलाशी मागं ठेवून घेतले. त्यांची सुटका व्हायला 2014 चा ऑक्टोबर उजाडला. हे विसरून सोमालियाबद्दल हळवं होणं म्हणजे त्या सात घरांवर अन्याय आहे. माझं म्हणणं एवढंच, की किनाऱ्यावरचे थोडे लोक म्हणजे सगळा देश नव्हे.

किनाऱ्याच्या आत गेलं की दिसतात उंट, शेळ्या आणि काळ्या डोक्याच्या, पांढऱ्या अंगाच्या मेंढ्या. बर्बेरा बंदरातून ही जनावरं जहाजं भरभरून सौदी अरेबियाला जातात, हजच्या दिवसांत तर फारच. सोमाली गुरांच्या बाजारात दलाल कापडाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात. भोवती माणसांचं कडं असतं आणि आकडा मात्र दोघांनाच कळतो. आपल्या जुन्या बैलबाजारांत रुमालाखाली बोटं दाबून सौदे होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाऊस सरला की मुक्काम हलतो. वाकवलेल्या काठ्या आणि चटया यांची झोपडी उभी करायची, उतरवायची आणि उंटावर लादायची, हे काम तिथल्या बाईचं. दिवाळीनंतर आपल्याकडची मेंढरं वाटेला लागतात तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादून वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या तांड्याबरोबर, चालणारी धनगराची बाई काय काय ओढत असते, हे फलटण-माणच्या रस्त्यांवर कुणालाही दिसतं. फक्त थांबून बघावं लागतं.

हे साम्य नुसतं गोड वाटावं म्हणून सांगत नाही. त्याच्यामुळं बातमी वाचता येते. दुष्काळात मेंढपाळाची उपासमार जनावरं मरायच्या आधीच सुरू होते. सगळे एकदम विकायला काढतात, जनावर मातीमोल होतं, त्याच वेळी धान्य कडाडतं. पूर्वी एका शेळीत जेवढं धान्य यायचं तेवढं दोन शेळ्यांत येत नाही. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या पुस्तकात इथिओपियातल्या 1972 ते 74 च्या दुष्काळात अफार आणि सोमाली पशुपालकांचं नेमकं हेच कसं झालं ते मांडलं आहे. 1972 हे साल आपल्याकडंही दुष्काळाचंच होतं. म्हणजे दुष्काळाची पहिली बातमी बाजारातल्या भावात असते. कॅमेरा मात्र पोटं खपाटीला गेल्यावर पोचतो. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जुलैत सोमालियात दुष्काळ जाहीर केला, तेव्हा जगभरचे वार्ताहर धावले. त्या आपत्तीत सुमारे 2 लाख 60 हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं. आणि जवळपास निम्मे मृत्यू त्या घोषणेच्या आधीच होऊन गेले होते. इशारे कितीतरी महिने दिले जात होते. भावांचे आकडे छापायला कुणाला जड गेलं असतं?

युद्धाच्या बाबतीतही तेच. 3 आणि 4 ऑक्टोबर 1993 ला मोगादिशूत अमेरिकेचे 18 सैनिक पडले. त्यावर पुस्तक निघालं, 2001 मध्ये ‘ब्लॅक हॉक डाउन’ हा सिनेमा आला, आणि जगाच्या मनात सोमालिया म्हणजे ती एक रात्र होऊन बसली. त्या रात्री मेलेले शेकडो सोमाली लोक सिनेमात आहेत, पण गर्दी म्हणून. त्यांना नाव नाही, घर नाही. त्यानंतरचं वर्षभर संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय लष्कराची 66 वी ब्रिगेड बैदोआ आणि किसमायोच्या टापूत होती, तिच्यात पाचवी महार बटालियन होती. आपल्या जवानांनी तिथं विहिरी खोदल्या, माणसांबरोबर जनावरांवरही उपचार केले. मेंढपाळांच्या देशात जनावराला औषध देणारा फौजी म्हणजे काय, हे तिथल्यांना सांगावं लागलं नसेल. ऑगस्ट 1994 मध्ये घातपाती हल्ल्यात आपले सात जवान गेले, त्याच महिन्यात बैदोआत तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव आहे, तिथं तरी ही हकिगत शाळेतल्या पोरांना ठाऊक हवी. ‘ब्लॅक हॉक’ त्यांना माहीत आहे, बैदोआ नाही.

आणि ज्याला कुणी कॅमेरा लावतच नाही, ते म्हणजे त्यांचं काव्य. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती 1972 मध्ये. त्याआधी सगळं तोंडी. वाद, सलोखा, शोक, राजकारण, सगळं कवितेत, आणि ओळीओळीत एकाच अक्षराचा अनुप्रास कवितेच्या शेवटापर्यंत सांभाळायचा. दुसऱ्याची कविता म्हणताना आधी कवीचं नाव सांगायचं, हा दंडक. कसलेला पाठक शेकडो ओळी जशाच्या तशा जपायचा. हद्रावी हा त्यांचा थोर कवी सियाद बरेच्या राजवटीत 1973 ते 1978 बंदिवासात होता. तो सुटून आल्यावर, 1979 मध्ये, गारिये या दुसऱ्या कवीनं एक कविता रचली, तिला अनेकांनी कवितेतूनच उत्तरं दिली, आणि ती सगळी साखळी कॅसेटींवर उतरून देशभर फिरली. सरकारच्या हाती रेडिओ होता, लोकांच्या हाती टेपरेकॉर्डर. 2003 मध्ये हाच हद्रावी शांततेसाठी देशभर पायी फिरला. 2022 च्या ऑगस्टमध्ये हर्गेसात तो वारला.

आपल्याकडचं काय? लोणंदचं नाव बातमीत येतं ते माउलींची पालखी मुक्कामाला आली की, नाहीतर कांद्याचा भाव पडला की. धनगर येतो तो मोर्चातून, किंवा पिवळ्या भंडाऱ्याच्या सुंदर फोटोतून. नीरेकाठच्या वीरचा म्हस्कोबा, बिरोबा, खंडोबा यांच्या ओव्या आणि कथा गोळा करत खेडोपाडी हिंडला तो गुंथर सोन्थायमर, जर्मन माणूस. त्यानं मेंढक्यांचं बोलणं पुरावा म्हणून ऐकलं, करमणूक म्हणून नाही. माझी सगळी मागणी यात आली. पुण्याच्या महाविद्यालयांत सोमाली मुलं वर्षानुवर्षं शिकताहेत, लोणंदहून तिथवर दोनेक तासांची वाट आहे, आणि मराठी नियतकालिकांनी त्यांना समुद्री चाच्यांबद्दल विचारण्याआधी एखादी पाठ असलेली कविता म्हणायला सांगितलं पाहिजे. तिचा मराठी अनुवाद करायला बसताना सुंबरान मांडणारा, म्हणजे देवाचं स्मरण करून ओवी गाणारा, एखादा धनगर ओवीकार शेजारी असावा. एका अक्षरावर तोललेली लांबच लांब रचना श्वास न तुटता कशी पेलायची, यावर त्याला अनुवादकापेक्षा जास्त सांगता येईल.