अपेक्षित निष्पत्ती

खोटं बोलायला आपल्या समाजानं काही ठिकाणी रीतसर परवानगी दिलेली आहे. लग्नाच्या जाहिरातीतली मुलगी गृहकृत्यदक्ष असते, मुलगा निर्व्यसनी असतो, शिंपी कपडे 'परवा नक्की' देतो, आणि चार पोळ्या जास्त खाऊन उठलेल्या पाहुण्याला यजमानीणबाई 'अहो, तुम्ही काही घेतलंच नाही' असं म्हणतात तेव्हा पातेल्याचा तळ दिसत असूनही त्यांना कुणी खोटारडं म्हणत नाही. या यादीत आणखी एका प्रकाराची भर घालावी की नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. तो प्रकार म्हणजे विद्यापीठातल्या माणसानं संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून केलेला अर्ज. आमच्यात त्याला 'प्रपोजल' म्हणतात. साहेब लग्नाच्या मागणीलाही हाच शब्द वापरतो, हा निव्वळ योगायोग नसावा.

माझा विषय दगडफूल. हसू नका, तुमच्या गोड्या मसाल्याला जो वास येतो त्यात त्याचा वाटा आहे. वस्तुतः ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवल यांनी मिळून थाटलेला तो एक संसार आहे. शैवल उन्हात उभं राहून दोघांचा स्वयंपाक करतं, बुरशी डोक्यावर छप्पर धरते, आणि शास्त्रीय नाव लावायची वेळ येते तेव्हा ते बुरशीचं लागतं. विभागात नवा माणूस आला की 'सहसंशोधक' आणि 'प्रमुख संशोधक' यांच्यातला फरक मी त्याला एवढ्यावरून समजावून देतो. त्याला तो पुन्हा विचारावा लागत नाही. या मंडळींचा दुसरा गुण म्हणजे सावकाशपणा. खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. प्रकल्प मात्र तीन वर्षांचा आणि प्रगतीचा अहवाल दर वर्षी. 'प्रगती : अर्धा मिलिमीटर' असं लिहून पाठवलं तर वरच्या माणसाला ती थट्टा वाटते.

या तीन वर्षांच्या हिशेबाची मला नेहमी गंमत वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली हाती घेतलं आणि ते पुरं झालं १९६६ साली. सुखटणकर १९२५ साली प्रमुख संपादक झाले, १९४३ साली गेले. मग बेलवलकर आले, मग वैद्य आले. सत्तेचाळीस वर्षं! आजच्या अर्जात हे बसवायचं तर 'प्रमुख संशोधक प्रकल्पकाळात दिवंगत झाल्यास' असा एक रकाना निराळा काढावा लागेल, आणि तोही पुरायचा नाही.

तर अर्ज. तो आता संगणकावर भरायचा असतो. अखेरच्या तारखेच्या आधीचे आठ दिवस विभागात सुतकासारखी शांतता असते. विभागप्रमुखांची सही, कुलसचिवांची सही, या संशोधनात कुठल्याही प्राण्याला इजा होणार नाही असं प्रतिज्ञापत्र (दगडफुलासाठीसुद्धा), तीन दुकानांची दरपत्रकं. त्यातली दोन दुकानं सख्ख्या भावांची असतात आणि तिसरं मेव्हण्याचं. ऑस्ट्रेलियात काही मंडळींनी याचा हिशेबच मांडला. २०१२ साली तिथल्या वैद्यकीय संशोधनाच्या निधीसाठी ३,७२७ अर्ज आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे साडेपाचशे वर्षं खर्ची पडली, आणि पैसे मिळाले पाचांतल्या एकाला. म्हणजे उरलेल्या चौघांची चारएकशे वर्षं गेली कुठं? पुढच्या वर्षीचा अर्ज लिहिण्याच्या सरावात गेली म्हणायची.

पण वेळ गेला याचं दुःख नाही. नोकरीत वेळ जायचाच. माझं दुखणं अर्जातल्या दोन-तीन रकान्यांचं आहे.

पहिला रकाना 'राष्ट्रीय व सामाजिक महत्त्व'. दगडफुलाला हवेतला गंधकाचा धूर सोसत नाही. हवा बिघडली की ते आधी जातं. त्यामुळे प्रदूषणाच्या काळात आम्ही प्रदूषणावर लिहिलं. औषधी वनस्पतींची लाट आली तेव्हा त्याचे औषधी गुण लिहिले. मग जैवविविधता आली, मग हवामानबदल आला, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तेव्हा यंदा दगडफुलांचे फोटो संगणकाला दाखवून त्याच्याकडून ओळखून घेण्याची योजना आहे. दगडफूल आपलं जिथं होतं तिथंच आहे. आता यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त मी यांपैकी एकाही कारणासाठी दगडफुलाकडे गेलो नव्हतो. मला ते आवडतं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर करडा खडक एकाएकी हिरवट दिसू लागतो ते पाहत राहावंसं वाटतं. हे लिहायला अर्जात रकाना नाही.

दुसरा रकाना म्हणजे 'अपेक्षित निष्पत्ती'. तुम्ही जे शोधणार आहात ते सापडल्यावर काय सापडलेलं असेल, ते तीनशे शब्दांत आधीच लिहा. अहो, लपाछपीत राज्य घेतलेल्या पोरालासुद्धा कुणी असं विचारत नाही!

या बाबतीत माझा आदर्श कोलंबस. त्याचा अर्ज जगातला सर्वांत यशस्वी अर्ज म्हणावा लागेल. पश्चिमेकडून गेलं की आशिया जवळच आहे, कॅनरी बेटांपासून जपान अडीच हजार मैलांच्या आत, असा त्याचा दावा. आधी पोर्तुगालच्या राजाच्या तज्ज्ञांनी तो फेटाळला, मग स्पेनच्या राणीनं नेमलेल्या समितीनंही प्रतिकूल मत दिलं. गोष्टीच्या पुस्तकात हे तज्ज्ञ मठ्ठ ठरतात. प्रत्यक्षात त्यांचंच गणित बरोबर होतं. खरं अंतर चौपटीहून जास्त होतं आणि वाटेत अमेरिका आडवी आली नसती तर ही माणसं उपाशी मेली असती. तरीही १४९२ साली पैसे मंजूर झाले. प्रवासखर्चात एक दुभाषी होता. त्याला हिब्रू, अ‍ॅरमेइक आणि अरबी येत होतं. ते ऐकायला बहामा बेटांवर कोण होतं कोण जाणे. पुढं तीन वेळा मुदतवाढ मिळावी तशा आणखी तीन सफरी झाल्या, आणि १५०६ साली मरेपर्यंत हा गृहस्थ अंतिम अहवालात 'उद्दिष्ट साध्य : आशिया' असंच सांगत राहिला. अर्जातला दावा खोटा, समिती खरी, निष्पत्ती भलतीच. आणि इतकं असूनही पैसे वाया गेले असं स्पेनच्या कुणाला वाटलं नाही. बेटांवरच्या लोकांना काय वाटलं, ते मात्र कुठल्या रकान्यात आलं नाही.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. निवृत्तीनंतर ते ज्ञानेश्वरीवर प्रवचनं करतात, आणि ती चांगली करतात. त्यांनी या रकान्यावर अक्सीर तोडगा काढला होता. ते संशोधन आधी करून टाकत आणि मग त्यासाठी अर्ज करत. निष्पत्ती काय येणार हे ठाऊकच असे. मंजूर झालेल्या पैशात ते पुढलं काम उरकून ठेवत, की झाली पुढच्या अर्जाची तयारी. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, हे जरा खोटं नाही का?" तर ते शांतपणे म्हणाले, "खोटं काय त्यात? मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं ठरतं. तुझं एक तरी ठरतं का?"

मी निरुत्तर झालो, आणि अजून आहे. त्यांच्या अर्जात सगळं खरं आणि सगळा अर्जच लबाड. आपला प्रामाणिक माणूस मनापासून लिहितो आणि त्यातलं निम्मं पुढं खोटं निघतं. सत्य वाक्यात असतं की माणसात, यावर आपल्याकडे मोठमोठ्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. त्यांना हा दाखला मिळाला असता तर फार आवडला असता.

बरं, पैसे देणाऱ्यानं 'काय मिळणार' असं विचारूच नये, असंही मी म्हणणार नाही. तो पैसा आकाशातून पडत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला काडेपेटीवर जो कर भरतो त्यातला तो असतो, आणि त्यानं 'साहेब, दगडाकडे बघायला पैसे कशाला?' असं विचारलं तर उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. फक्त त्यानं उत्तर ऐकून घेताना माझ्या तोंडाकडे बघावं, एवढंच. रकान्याला तोंड बघता येत नाही.

तिसरा रकाना खर्चाचा. समिती कपात करणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे वाढवून मागतात. सगळे वाढवून मागतात हे समितीला माहीत, म्हणून ती कपात करते. हा विषय मी एकदा घरी काढला. ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाजीवाली जुडीचे चाळीस सांगते. मी वीस म्हणते. तीसला घेते. आम्ही दोघींनी एकमेकींना फसवलं का?" नाही फसवलं. दोघींनाही तीस ठाऊक होते. ज्याला दोन्ही बाजूंची ओळखदेख आहे ते खोटं कसलं. ती एक प्रकारची भाषाच झाली. मी खूश झालो. प्रश्न सुटला असं वाटलं आणि त्या रात्री नीट झोपही लागली.

तो पुन्हा उभा राहिला एका समितीच्या बैठकीत. कुठली समिती ते सोडा. मी टेबलाच्या पलीकडे, म्हणजे देणाऱ्यांच्या बाजूला होतो. एका दिवसात साठ अर्ज, मध्ये बटाटेवडा. दुपारनंतर ठरलं की सरसकट तीस टक्के कापू. तेवढ्यात एका तालुक्याच्या कॉलेजातला अर्ज माझ्यापुढं आला. त्यात एस.टी.चं भाडं रुपयापर्यंत अचूक लिहिलेलं होतं. नमुने ठेवायच्या कागदी पिशव्या : ३४० रुपये. बेरीज होती दोन लाख अकरा हजार आठशे वीस. या माणसाला मंडईची भाषा कुणी शिकवलीच नव्हती. तो आपला तीसची जुडी तीसला सांगून बसला होता. मी म्हटलं, यातून कापू नये. अध्यक्ष सज्जन होते. म्हणाले, "एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल." माझी हरकत इतिवृत्तात नोंदवली गेली आणि तीस टक्के कापले गेले.

तेव्हापासून हिचा मेथीचा सिद्धांत मला पुरेनासा झाला. आपलं खोटं ऐकणाऱ्याला काही लागत नाही, तो तयारच असतो. ते लागतं शेजारच्या पाटीवर खरा भाव सांगून बसलेल्या बाईला. आणि ती व्यवहारात कुठं दिसतच नाही.

न्यूझीलंडमध्ये यावर एक तोडगा काढलाय. तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेनं २०१३ पासून काही अनुदानांसाठी चक्क चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. अर्ज पात्र आहे ना, एवढं बघायचं आणि मग ज्याचं नशीब. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे भिशीसारखं वाटलं. आता वाटतं, की निदान भिशीत कुणी 'मला ती का लागावी' यावर तीनशे शब्द लिहीत नाही.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. पीएच.डी. झालेली, एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. म्हणजे मे महिन्यात पगार नाही. तिचा स्वतःचा असा हा पहिलाच अर्ज. रस्त्याकडेच्या आणि जंगलातल्या दगडफुलांच्या वाढीची तुलना. 'अपेक्षित निष्पत्ती'च्या रकान्यात तिनं लिहिलं होतं : 'आज सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर पैसे मागितले नसते.'

"सर, हे ठेवू का?"

मी चहा मागवला. ठेव म्हणावं तर तत्त्व माझं आणि नुकसान तिचं, असा तो व्यवहार. मला कायम नोकरी होती आणि आता पेन्शन आहे. एवढ्या भांडवलावर सत्याचा आग्रह धरणं फार सोपं आहे. काढ म्हणावं, तर तीस वर्षांत जे मला खुपतं तेच मी तिच्या हातात देणार. शेवटी मी तिला तीस टक्क्यांची गोष्ट सांगितली, प्रवचनवाल्या सरांची सांगितली, कोलंबसाचीही सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, "पण सर, तुम्ही काय केलं असतं?" मी म्हटलं, "माझं उत्तर तुझ्या कामाचं नाही."

तिनं दोन दिवसांनी मसुदा आणून दाखवला. पहिलं वाक्य ठेवलं होतं. दुसरं काढलं होतं. उद्धट वाटतं म्हणाली. खाली लिहिलं होतं : रस्त्याकडेची वाढ कमी निघाली तर त्यावरून काय समजेल, जास्त निघाली तर काय, आणि फरकच निघाला नाही तर तेही तसंच कळवलं जाईल. खर्चाच्या बेरजेखाली एक ओळ जास्तीची होती : 'वरील आकडे वाढवलेले नाहीत. कपात झाल्यास सूक्ष्मदर्शकाचं एक भिंग येणार नाही.' रात्री अकरा बावन्नला अर्ज गेला. पोर्टलवर त्याच्यापुढं अजून 'विचाराधीन' असं दिसतं.

दरम्यान ती दोन-तीन महिन्यांनी रविवार गाठून आंबोलीला जाऊन येते. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. या संशोधनाला आजवर मिळालेलं सरकारी साहाय्य ते एवढंच. परवा वही घेऊन आली. एका खडकावरचं वर्तुळ वर्षभरात वाढण्याऐवजी एका बाजूनं किंचित आत आलं आहे. शेजारचं तसं नाही. आम्ही दोघांनी फोटो पुन्हा पुन्हा ताडून पाहिले, मापं दोनदा तपासली. का झालं ते तिला माहीत नाही, मलाही नाही. पुढच्या महिन्यात तिच्याबरोबर जाऊन बघून यावं म्हणतो.