तुरट रसापाशी

जिभेचं सुख माणसाला देवापासून लांब नेतं का? आमच्या घरी ज्ञानेश्वरीचा सतरावा अध्याय वाचायला घेतला की हा वाद हमखास निघतो. अति आंबट, अति खारट, अति तिखट, तोंड रुक्ष करणारं, ते सगळं तिथे राजस आहारात जमा होतं. वडील माळकरी आहेत, त्यांना यात शंका नाही. मला आहे, आणि पोपटीच्या दिवसांत ती जास्तच टोचते.

भात निघाला की कर्जत-खालापूरच्या शेतांत वाल उभा राहतो. शेंगा भरल्या की मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे कोंबडी नि अंडी, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं उपडं घालायचं. भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. आत तेल नाही, पाणी नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा एवढाच काय तो रस.

या पोपटीसोबत मी अकलूजची ‘सेत्ते’ ही लाल वाइन घेतो. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या मळ्यांत मोहिते-पाटील बंधूंबरोबर इटलीचे सेची बंधू भागीदार झाले, आणि तस्कनीहून पिएरो मासी हे वाइन करणारे आले. तस्कनीचं स्वतःचं द्राक्ष सांजोवेझे. ते कॅबर्ने सॉव्हिन्यॉंबरोबर इथे मिसळलं जातं. घोट घेतला की आधी करवंदासारखा आंबटपणा येतो, मग हिरड्यांवर तुरटपणा चढतो आणि तोंड कोरडं पडतं. सालीतलं नि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून असं होतं. तोंडात कोंबडीचा घास असला की टॅनिनला धरायला दुसरं काही मिळतं, मिठाने धार कमी होते, आणि तीच वाइन एकदम मोकळी वाटते. झणझणीत मटणाच्या रश्शासोबत मात्र ती घेऊ नये. तिखटाची आग आणि अल्कोहोलची आग एकमेकींना चढवतात, हाती फक्त कडवटपणा येतो. पोपटीत तिखट बेताचं असतं, म्हणून जमतं.

तुरट हा आपल्या सहा रसांतला एक. सुश्रुताने जेवणाचा क्रम सांगताना गोड आधी, आंबट-खारट मधे आणि तुरटासह उरलेले रस शेवटी ठेवले आहेत. कोणत्या चवीमागून कोणती यावी, हा विचार करण्यात आपल्या वैद्यांना काही हलकं वाटलं नव्हतं. आमच्या डोंगरातला हिरडा तुरट. कातकरी खैराचं लाकूड उकळून काढत तो कातही तुरटच. ही चव परकी नाही. परकं म्हणायचं तर ते अल्कोहोल, आणि खरा पेच तिथेच आहे.

कोंदिवड्याहून वर चढलं की राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी लागतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास तिथे बौद्ध भिक्खू राहत. त्यांच्या पाचव्या शीलात मद्य टाळायचं कारणही सांगितलं आहे: प्रमाद, म्हणजे सावधपणा सुटणं. ही लेणी नांदती होती त्याच शतकांत इटलीची वाइन पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला येणाऱ्या मालात वाइन आहे, आणि इटलीच्या वाइनला तिथे जास्त पसंती असल्याचंही नोंदलं आहे. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली. त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, १२९० साली. हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “अरे, खापरं राहिली ती मातीत. माऊलींचे शब्द अजून तोंडात आहेत ना?” त्यांचा मुद्दा मला मान्य आहे.

तरी माझी शंका उरतेच. दोष जर प्रमादात असेल, तर पूर्ण लक्ष देऊन घेतलेल्या घोटात तो कुठे आहे? यावर कोंडाण्याचा भिक्खू काय म्हणाला असता, ते मला कळतं: चव घ्यायला जे लक्ष लागतं, त्याच लक्षावर मद्य पहिला घाला घालतं. आणि हे खरंच आहे. पहिल्या पेल्यात आंबट कुठे संपलं, तुरट कुठे सुरू झालं, ते नेमकं कळतं. दुसऱ्यात ते पुसट होतं. पुढे नुसती तरतरी उरते, चव उरत नाही. म्हणून मी एका पेल्यावर थांबतो. हा संयम बाहेरून लादलेला नाही, तो चवीतूनच येतो, असं मला मनापासून वाटतं. वडिलांना हे पटत नाही. ते म्हणतात, थांबता येतं हे दर वेळी सिद्ध करावं लागणं हीच आसक्ती. त्यांच्या या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पण एका बाबतीत आमचं दोघांचं एकमत आहे. शेजारच्या कातकरीवाडीत सणाला मोहाच्या दारूची पहिली धार पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडतात, मग बाकीचे घेतात. तीच भट्टी १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा ठरते, आणि द्राक्षाच्या वाइनला राज्याने २००१ मध्ये उद्योगाचं धोरण दिलं. वाडीत दारूने घरं उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे मोहाची तरफदारी मी डोळे मिटून करणार नाही. पण फार्महाउसवर बाटल्यांमागून बाटल्या रिचवणारा रसिक आणि वाडीतला बेवडा, हा भेद कुठल्याच धर्मात बसत नाही. कोंडाण्याच्या शीलात नाही, सतराव्या अध्यायातही नाही. प्रमाद दोन्हीकडे सारखाच, आणि पूर्वजांसाठी सोडलेल्या त्या पहिल्या धारेत तो मला दिसत नाही.