नात्याचा रकाना

माणसांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एक तक्तेवाले, दुसरे गाठोडेवाले. तक्तेवाल्याला सगळं जग ओळी आणि रकान्यांत दिसतं. त्याच्या वाण्याच्या यादीतसुद्धा जिन्नस, वजन, दर आणि शेरा असे चार रकाने असतात आणि हिंगापुढच्या शेऱ्यात 'मागचा बरा नव्हता' असं लिहिलेलं असतं. गाठोडेवाल्याचं तसं नाही. त्याच्या कपाटात पिशवी असते, पिशवीत डबा, डब्यात डबी, डबीत पुडी, आणि पुडीत काय आहे ते पुडी सोडल्याशिवाय त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. संसार चालावा म्हणून विधाता बहुधा एका घरात दोन्ही प्रकार देतो. घरात शांतता नांदावी अशी त्याची इच्छा असेलच असं नाही.

कॉम्प्युटरच्या राज्यात या दोघांचा समेट घडवून आणणारी एक भाषा आहे. तिचं नाव नुसतं 'आर'. आपल्याकडे आर म्हणजे बैलाला टोचायच्या पराणीची अणी. ही आर संख्याशास्त्रज्ञांना टोचते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ती तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर 'आर'. शिवाय अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये 'एस' नावाची भाषा आधीच जन्मली होती, म्हणजे बाळाचं नाव घराण्यालाही धरून झालं.

या भाषेत तक्त्याला डेटा फ्रेम म्हणतात आणि गाठोड्याला लिस्ट. तक्त्याची शिस्त पंगतीसारखी. प्रत्येक पानात मीठ, लिंबू, चटणी आपापल्या जागी. कोणाला एखादा पदार्थ नसेल तर तेवढी जागा रिकामी दिसते. लिस्टचा कारभार मोकळा. एका कप्प्यात एकच आकडा, दुसऱ्यात हजार नावं, तिसऱ्यात आणखी एक लिस्ट आणि तिच्या पोटात चौथी. गंमत अशी की, तो कडक शिस्तीचा तक्ताही आतून लिस्टच असतो, सारख्या लांबीचे रकाने एकत्र बांधलेली. शिस्तीच्या माणसाला जरा खरवडलं की आत गाठोडं निघतं, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.

माझी पुतणी याच भाषेवर पोट भरते. तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा आमंत्रणांची यादी साहजिकच तिच्या गळ्यात पडली. एका घराला एक ओळ, अशा ४१२ ओळी. रकाने पाच : नाव, गाव, नातं, माणसं किती आणि शेरा. शेऱ्याचा रकाना वहिनींनी स्वतः भरला होता, त्यामुळे त्यातला मजकूर इथे देता येत नाही.

पुतणीने या तक्त्याची गाठोडी करायला घेतली. त्यासाठी 'स्प्लिट' नावाचं अवजार आहे. 'नातं या रकान्यावर तोड' म्हटलं की आजोळचे एका गाठोड्यात, आत्याकडचे दुसऱ्यात, असं एका क्षणात होतं. मग प्रत्येक गाठोडं गावाप्रमाणे पुन्हा तोडायचं.

"काका, बाहेर गाव ठेवू की नातं?" तिने विचारलं.

वाटतो तितका हा प्रश्न साधा नाही. बाहेर गाव ठेवलं तर मिरजेची सगळी मंडळी एकत्र येतात आणि बसची सोय होते. बाहेर नातं ठेवलं तर मानपानाची सोय होते, पण पत्रिका वाटायला मिरजेला पाच माणसांनी पाच वेळा जायचं. माणसं तीच, ओळी त्याच. पण एखादा गृहस्थ आधी मेहुणा आणि मग मिरजकर, की आधी मिरजकर आणि मग मेहुणा, हे बाहेरच्या कप्प्यावरून ठरतं. तक्त्यात गाव आणि नातं मांडीला मांडी लावून बसतात. लिस्टमध्ये एकाला दुसऱ्याच्या पोटात जावं लागतं. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांची जी गाठोडी बांधली, त्यांत बाहेरचा कप्पा कोणता होता हे का सांगायला हवं? आतल्या पुडीत माणूस कसा आहे हे पाहायची वेळच येत नसे.

तर गाठोडी झाली. पुतणीला मोजायची सवय. तिने सगळ्या गाठोड्यांतल्या ओळी मोजल्या, त्या भरल्या ४०५.

"सात घरं गेली कुठे?" वहिनी म्हणाल्या.

कोणी त्यांच्यावर काट मारली नव्हती. त्यांचा नात्याचा रकाना रिकामा होता, एवढंच. अशा रिकाम्या जागेला आर भाषेत 'एनए' म्हणतात, आणि एरवी ती भाषा याबाबत फार सोवळी. शंभर आकड्यांत एक रिकामा असला की सरासरी सांगायला ती नकार देते. 'रिकामे सोडून सांग' असं स्पष्ट बजवावं लागतं. 'हा अज्ञात आणि तो अज्ञात सारखेच का?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'ठाऊक नाही.' न्यायाधीशाला शोभेल असं उत्तर! पण हीच सोवळी बाई गाठोडी बांधायला बसली की, ज्याचा गट ठाऊक नाही त्याला मुकाट्याने खाली टाकते. ना चूक दाखवत, ना खाकरत. तिच्या नियमांच्या पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे.

ती सात घरं कोणाची? आमच्या आईच्या अखेरच्या दोन वर्षांत रात्री सोबतीला झोपणाऱ्या बाईंचं एक. चाळीतल्या त्या शेजाऱ्यांचं एक, ज्यांनी दादाची एका वर्षाची फी भरली आणि पुन्हा विषय काढला नाही. गेली तीस वर्षं गणपतीच्या आरतीला येऊन टाळ वाजवणाऱ्या गृहस्थांचं एक. हे कोणाचे कोण, हे कोणी विचारलं नाही आणि आता विचारणं बरं दिसत नाही. वहिनींची अडचण खरी होती. सोबतीच्या बाईंपुढे 'कामाला होत्या' असं लिहिणं जिवावर येत होतं आणि 'मावशी' लिहिलं तर खऱ्या मावशा दुखावल्या असत्या. म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे जागा रिकामी सोडली.

लग्नाची सात पानं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण सगळ्याच याद्या लग्नाच्या नसतात. १९५१-५२ च्या आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत होत्या, तेव्हा लाखो स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी', एवढीच नोंद. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी 'नाव नाही तर नोंद नाही' अशी भूमिका घेतली, आणि सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख यादीबाहेर राहिल्या. तिथे नातं भरलेलं होतं आणि नाव रिकामं. आमच्याकडे नाव भरलेलं आणि नातं रिकामं. सेन यांचं बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. पण त्यांनी वगळलं ते उघड, कारण देऊन, आणि किती वगळल्या तो आकडा सरकारी अहवालात आला. म्हणून तर आज आपल्याला भांडता येतं. ज्यांची मोजदादच नाही त्यांच्या वतीने भांडणार कोण आणि कशावरून?

दादाचा तोडगा सोपा होता. "टाक त्यांना 'इतर'मध्ये!" पुतणी ऐकेना. तिचं म्हणणं असं की, 'इतर' म्हणजे आम्ही तुम्हांला ओळखून बाजूला बसवलं. आणि रिकामा म्हणजे तुम्हांला कुठे बसवावं हे आम्हांलाच अजून कळलेलं नाही. पहिल्यात उणेपणा पाहुण्याचा, दुसऱ्यात यजमानाचा. आर भाषेत या रिकाम्यांचंही एक स्वतंत्र गाठोडं करता येतं, फक्त तसं मुद्दाम सांगावं लागतं. तिने सांगितलं. गाठोडी मोजली. ४१२.

गाठोडी न बांधता जगता येत नाही. चारशे घरांच्या पत्रिका कोणी एका दमात वाटत नाही, आणि सगळ्या देशाला एका पंगतीत बसवायचं तर वाढप्याला सायकल लागेल. पण तक्त्यातली रिकामी जागा निदान डोळ्यांना टोचते; गाठोड्यातून जो गळला त्याची जागासुद्धा उरत नाही. म्हणून बांधण्याआधी डोकी मोजावीत, बांधल्यावर पुन्हा मोजावीत, आणि आकडा जुळला नाही तर निमूटपणे गाठ सोडावी. हा नियम पाळणारी माणसं घरात जरा कटकटीची वाटतात, पण त्यांच्यामुळेच कोणीतरी जेवून जातं.

टाळवाल्या गृहस्थांचा रकाना अजून रिकामाच आहे. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असं छापलेलं आहे. आपण कोणाच्या परिवारातले, ते आता त्यांचं त्यांनी ठरवावं.