भरलेले दुकान आणि मिटलेले तोंड

कोलशेतच्या खाडीने पश्चिमेकडे निघाले की घोडबंदर आणि पुढे वसई लागते. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला तोवर हा मुलूख पोर्तुगीजांचा. आमची पुष्कळशी आडनावे तेव्हाचीच. म्हणून गोव्याकडे आम्हांला परक्याच्या नजरेने पाहता येत नाही, आणि ‘सालाझारच्या राज्यात गोव्यात सुबत्ता होती’ हे वाक्य धर्मग्रामातील एखाद्या समारंभात कानी पडले की आम्ही अस्वस्थ होतो.

ते निव्वळ खोटे नाही. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली. तरी बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येतच राहिले. सालाझार अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. हिशेब त्याला कळत होता.

पण या मालाची किंमत चुकवली कोणी? गोव्याच्या डोंगरांतील लोहखनिज होड्यांतून मुरगाव बंदरात उतरे आणि जपानला जाई. दुसरी मिळकत मनिऑर्डरींची. मुंबईतील गावोगावच्या कुडींत पथारी टाकणारे, बोटींवर राबणारे, पूर्व आफ्रिकेत कारकुनी करणारे गोवेकर ती धाडीत. घरी खरीच सुबत्ता असती, तर इतके तरुण परागंदा कशाला झाले असते? कृतज्ञता पदरचे देणाऱ्याविषयी असते. येथे तर लोकांचाच घाम लोकांना उपकार म्हणून वाढला जात होता.

आणि त्या उपकाराची फेड मौनाने करायची! लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सरकारी तपासनीसाला दाखवावी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभेचा हक्क मागितला आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी टी. बी. कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालला पाठवले.

आम्हांला सर्वांत बोचते ते निराळेच. पोर्तुगालने १९४० मध्ये परमगुरूंच्या दरबाराशी करार केला होता. त्या राजवटीची भाषा सतत ख्रिस्ती संस्कृतीच्या रक्षणाची असे. गोव्यातील कॅथॉलिकांना आपलेच छत्र हवे, असे ती जगाला सांगे. कुन्हा कॅथॉलिक घरातलेच होते, हे मात्र ती सांगत नसे. श्रद्धेच्या नावाने कोणी आपल्या वतीने बोलू लागला, की तो आपल्याला बोलू देतो काय, हे आधी पाहावे, असे आमचे मत आहे.

कुन्हा पुढे पोर्तुगालहून निसटून १९५३ मध्ये मुंबईस आले आणि १९५८ मध्ये येथेच निवर्तले. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये.